बिनतारी थर्मोस्टॅटच्या तारा

थर्मोस्टॅट म्हणजे घराचे तापमान ठरावीक पातळीवर राखणारे यंत्र, ही व्याख्या बरोबर असली तरी अपुरी आहे, कारण थर्मोस्टॅट स्वतः ना उष्णता निर्माण करतो ना गारवा. तो खोलीतील हवेचे तापमान पाहतो, ते घरमालकाने ठरवून दिलेल्या अंकाशी ताडून बघतो आणि तळघरातील भट्टीला किंवा अंगणातील कॉम्प्रेसरला ‘चालू हो’ वा ‘बंद हो’ एवढाच निरोप धाडतो. भारतात खोलीगणिक एसी वेगळा आणि त्याचा रिमोटही वेगळा, त्यामुळे या यंत्राचे स्वतंत्र अस्तित्व सहसा जाणवत नाही. अमेरिका आणि कॅनडा येथील बहुसंख्य घरांत मात्र साऱ्या घरासाठी एकच मध्यवर्ती व्यवस्था असते. पत्र्याच्या रुंद नळ्यांमधून गरम किंवा गार हवा खोल्याखोल्यांत खेळवली जाते आणि त्या सगळ्या पसाऱ्याचा कारभार भिंतीवरील तळहाताएवढ्या डबीच्या हाती असतो. गेल्या दीड दशकात ही डबी इंटरनेटला जोडली जाऊन ‘स्मार्ट’ झाली आणि त्यासोबत एक नवा प्रश्न घरोघरी आला: या डबीसाठी घरातले इंटरनेट कसे असावे? बहुतेकांच्या मनात पहिला विचार वेगाचा येतो. वस्तुतः वेगाची गरज येथे जवळजवळ नाहीच. गरज असते ती भिंतीपर्यंत पोहोचणाऱ्या, दिवसरात्र न तुटणाऱ्या एका बारीक धाग्याची आणि, बिनतारी यंत्राच्या बाबतीत विचित्र वाटेल, पण भिंतीतून येणाऱ्या एका जादा तारेची.

निरोप्याचा इतिहास

थर्मोस्टॅटचा जन्मच मुळी निरोप पाठवण्याच्या गरजेतून झाला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात शिकवणारे वॉरेन जॉन्सन यांच्या काळात वर्गातील उष्णता कमीजास्त करण्यासाठी शिपायाला वर्गावर्गांतून फिरून तापमान पाहावे लागे आणि मग तळघरात जाऊन झडपा उघडाव्या वा मिटाव्या लागत. जॉन्सन यांनी तयार केलेल्या विजेच्या उपकरणामुळे वर्गातील तापमान बदलताच तळघरात घंटी वाजू लागली आणि शिपायाची पायपीट वाचली. या उपकरणाचे पेटंट त्यांना १८८३ मध्ये मिळाले. पुढे दोनच वर्षांनी मिनियापोलिस येथे आल्बर्ट बुट्झ यांनी कोळशाच्या भट्टीची झडप आपोआप उघडझाप करणारी यंत्रणा बनवली आणि घंटी ऐकून धावणारा माणूसही या साखळीतून वजा झाला. १९५३ मध्ये हनीवेल कंपनीने हेन्री ड्रेफस या अभिकल्पकाने घडवलेला गोल थर्मोस्टॅट बाजारात आणला. त्याच्या आत दोन धातूंच्या जोडपट्टीचे वेटोळे होते, आणि दोन्ही धातू उष्णतेने सारखे प्रसरण पावत नसल्यामुळे ते वेटोळे तापमानाबरोबर उलगडे वा आवळले जाई. त्याच्या टोकावरील काचेच्या कुपीत पाऱ्याचा थेंब असे, तो एका बाजूला कलला की विजेचे मंडल पूर्ण होई आणि भट्टी पेटे. या साध्या यंत्राला ना बॅटरी लागत होती ना स्वतःसाठी वीज, कारण ते मुळात एक बटण होते, फक्त ते बोटाऐवजी हवेच्या उष्णतेने दाबले जाई.

इंटरनेटशी जोडलेले थर्मोस्टॅट यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने आले. टोरोंटोच्या इकोबी या कंपनीने २००९ मध्ये वाय-फायवर चालणारा थर्मोस्टॅट विक्रीस आणला. ऑक्टोबर २०११ मध्ये टोनी फॅडेल आणि मॅट रॉजर्स यांच्या नेस्ट लॅब्ज या कंपनीने घरच्यांच्या सवयी टिपून स्वतःचे वेळापत्रक बनवणारा थर्मोस्टॅट आणला, आणि जानेवारी २०१४ मध्ये गूगलने ही कंपनी ३.२ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार केला, तेव्हा भिंतीवरच्या या डबीकडे साऱ्या जगाचे लक्ष गेले. अमेरिकी सरकारच्या ‘एनर्जी स्टार’ या कार्यक्रमाच्या मते अशा प्रमाणित थर्मोस्टॅटमुळे घर गरम-गार राखण्याच्या बिलात सरासरी सुमारे ८ टक्के बचत होते. ही बचत इंटरनेटमुळे आपोआप होत नाही. घरात कोणी नसताना किंवा सारे झोपलेले असताना तापमानाचा अंक खाली-वर केला जातो, म्हणून ती होते, आणि इंटरनेट हे त्या शिस्तीला मदत करणारे साधन ठरते.

पुणे ते एडिसन

या मदतीचे स्वरूप समजण्यासाठी एका निरोपाचा प्रवास बघणे उपयोगी पडते. न्यू जर्सीतील एडिसन आणि परिसरात राहणारी अनेक मराठी कुटुंबे डिसेंबरमध्ये काही आठवड्यांसाठी मायदेशी येतात, आणि तेथे कडाक्याची थंडी असल्यामुळे रिकाम्या घरातील भट्टी पूर्ण बंद ठेवता येत नाही. घरातील पाण्याच्या नळ्या गोठल्या तर आतल्या बर्फाच्या प्रसरणाने त्या फुटतात आणि बर्फ वितळल्यावर घरभर पाणी होते. म्हणून घराचे तापमान १३ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून निघण्याचा प्रघात आहे. अशा घराच्या मालकाने पुण्यात बसून फोनवरील ॲपमध्ये तापमान १३ वरून १८ अंशांवर नेले, तर तो निरोप पुण्याहून थेट एडिसनच्या भिंतीवर जात नाही. तो आधी थर्मोस्टॅट बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. सर्व्हर म्हणजे अशा लाखो उपकरणांची नोंद ठेवणारा आणि त्यांच्यातर्फे निरोपांची देवघेव करणारा दूरस्थ संगणक. तेथून तो घरातील राउटरपर्यंत, राउटरपासून बिनतारी लहरींवरून थर्मोस्टॅटपर्यंत आणि थर्मोस्टॅटपासून तांब्याच्या बारीक तारेतून भट्टीपर्यंत पोहोचतो. घरात सोफ्यावर बसून फोनने तापमान बदलले तरी, अनेक उपकरणांच्या बाबतीत, निरोपाला हाच लांबचा फेरा पडतो.

हा निरोप आकाराने अगदी लहान असतो. सध्याचे तापमान, हवेतील आर्द्रता, मागितलेले तापमान, भट्टी चालू की बंद आणि वेळेची नोंद, एवढा मजकूर काही शे बाइटमध्ये, म्हणजे पोस्टकार्डावरील चार ओळींएवढ्या जागेत मावतो. कूटरूप देण्याचा आणि पत्ता जोडण्याचा भार धरून दर मिनिटाला एक हजार बाइटची देवघेव होते असे मानले, तरी दिवसाला दीड मेगाबाइटहून कमी आणि महिन्याला सुमारे ४३ मेगाबाइट एवढाच हिशेब होतो. उच्च दर्जाचा चित्रपट इंटरनेटवर बघताना एवढी माहिती साधारण मिनिटभरात खर्ची पडते. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने मार्च २०२४ मध्ये ब्रॉडबँड म्हणवण्यासाठी सेकंदाला १०० मेगाबिट उतरवण्याची आणि २० मेगाबिट चढवण्याची किमान मर्यादा ठरवली. थर्मोस्टॅटला त्या मर्यादेचा अगदी क्षुल्लक अंशही पुरतो. त्यामुळे नवा थर्मोस्टॅट बसवताना इंटरनेटची महागडी योजना घेण्याचे काहीच कारण नसते.

सातत्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. घरातील राउटर बाहेरून आलेल्या अनोळखी निरोपाला सहसा आत घेत नाही, आणि घरातील साऱ्या उपकरणांना बाहेरच्या जगात मिळून एकच पत्ता असल्यामुळे तो निरोप कोणाला द्यायचा हेही त्याला ठाऊक नसते. यावर तोडगा असा की संभाषणाची सुरुवात थर्मोस्टॅटने करायची: तो कंपनीच्या सर्व्हरशी स्वतः संपर्क जोडतो, राउटर आपल्या वहीत त्या संपर्काची नोंद करतो आणि पुढे सर्व्हरकडून आलेला निरोप त्या नोंदीच्या आधारे भिंतीपर्यंत पोहोचवतो. मात्र बराच वेळ कोणी काही बोलले नाही तर राउटर ती नोंद खोडून टाकतो, म्हणून सांगण्यासारखे काही नसतानाही थर्मोस्टॅटला ठरावीक काळाने ‘आहे, आहे’ अशी हाक द्यावी लागते. इंटरनेट वारंवार तुटत असेल तर दर वेळी संपर्क नव्याने जोडावा लागतो आणि मधल्या काळात ॲपवर यंत्र संपर्काबाहेर असल्याची पाटी झळकते. सेकंदाला १००० मेगाबिटची पण दिवसातून दहा वेळा गळपटणारी जोडणी थर्मोस्टॅटच्या दृष्टीने निकामी, आणि २ मेगाबिटची पण अखंड चालणारी जोडणी उत्तम असते.

लहरींची पोहोच

राउटर आणि थर्मोस्टॅट यांच्यामधील अंतर वाय-फायच्या रेडिओलहरी कापतात. घरगुती वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालते: एक २.४ गिगाहर्ट्झचा, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी आंदोलने; २.४ गिगाहर्ट्झची लहर सेकंदाला २४० कोटी वेळा हेलकावते आणि तिची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर भरते, तर ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सहा सेंटिमीटरच्या आसपास असते. लांब लहर भिंती आणि मजले ओलांडताना तुलनेने कमी क्षीण होते, आणि मोकळ्या जागेतही, सारख्या प्रकारच्या अँटेना वापरल्या तर, २.४ गिगाहर्ट्झचा संदेश त्याच अंतरावर सुमारे चौपट बळाने हाती येतो. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वेग जास्त मिळतो, पण ज्याला वेगाचे कामच नाही त्याला त्या श्रीमंतीचा उपयोग काय? २.४ गिगाहर्ट्झची चिप स्वस्त असते हेही एक कारण आहे. म्हणूनच अनेक थर्मोस्टॅट आजही केवळ याच पट्ट्यात बोलतात. दोन्ही पट्टे वापरणारी उपकरणेही बाजारात आहेत.

या पट्ट्यात गर्दी फार, हा त्याचा दोष. अमेरिकेत त्यात अकरा वाहिन्या मोजल्या जातात, परंतु एकमेकींवर न चढणाऱ्या अशा तीनच, म्हणजे १, ६ आणि ११. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथची उपकरणे आणि २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करणारी मायक्रोवेव्ह भट्टी अशी सारी मंडळी याच ओटीवर दाटीवाटीने बसलेली असतात. थर्मोस्टॅटचे निरोप छोटे आणि क्वचित असल्यामुळे या गर्दीतही त्यांना वाट सापडते. पण मुळात लहरच क्षीण झालेली असेल तर गर्दीतला तो बारीक आवाज ऐकू येईनासा होतो.

लहरीचे बळ डेसिबल-मिलिवॅट या एककात मोजतात आणि ते घरात नेहमी ऋण अंकात येते. शून्याच्या जितके जवळ तितके बळ जास्त, आणि दर दहा अंकांनी खाली उतरताना ते दहा पटींनी घटते; म्हणजे उणे ७० हे उणे ५० च्या एकशतांश असते. राउटरशेजारी उणे ३० ते ४० असा अंक दिसतो, उणे ६५ पर्यंत थर्मोस्टॅटचे काम निर्धोक चालते, उणे ७५ च्या पुढे संपर्क अधूनमधून तुटू लागतो आणि उणे ८० च्या पलीकडे त्याचा भरवसा धरता येत नाही. बऱ्याच थर्मोस्टॅटच्या पडद्यावर, जाळ्यासंबंधीच्या माहितीच्या पानावर, हा अंक किंवा त्याच्या जागी रेघांची खूण पाहायला मिळते.

अडचण अशी की या दोन उपकरणांच्या जागा दोन वेगवेगळ्या शास्त्रांनी ठरवलेल्या असतात. थर्मोस्टॅट घराच्या मध्यभागी, आतल्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर, खिडकी, ऊन आणि हवेचा झरोका यांपासून दूर बसवतात, म्हणजे त्याला घराचे खरे सरासरी तापमान कळते. राउटर मात्र जेथे केबल घरात शिरते तेथे, म्हणजे बहुधा तळघराच्या एखाद्या कोपऱ्यात, कपाटात किंवा टीव्हीच्या मागे ठेवलेला असतो. दोहोंच्या मधे पत्र्याच्या हवानळ्या, भट्टीचे लोखंडी धूड, फ्रीज आणि कधी ॲल्युमिनियमच्या वर्खाचे उष्णतारोधक अस्तर येते. धातू रेडिओलहरी परतवून लावतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक अमेरिकी घरांत भिंतीचा गिलावा धातूच्या जाळीवर चढवलेला आहे, आणि अशी खोली लहरींच्या दृष्टीने पिंजराच होऊन बसते. अशा वेळी नवा थर्मोस्टॅट आणण्याऐवजी राउटर कोपऱ्यातून उचलून उंच आणि मध्यवर्ती जागी ठेवावा, हा पहिला आणि फुकटचा उपाय असतो. तेवढ्याने भागले नाही तर घरात दोन-तीन ठिकाणी जोडउपकरणे ठेवून लहरी पुढे पोहोचवणारी ‘मेश’ म्हणजे जाळीदार रचना करता येते.

पहिली ओळख

बसवण्याच्या दिवशी येणाऱ्या अडचणी बहुतेक ठरलेल्या असतात. थर्मोस्टॅटला वाय-फायचे नाव आणि पासवर्ड सांगण्यासाठी फोनची मदत घेतली जाते, आणि तेवढ्यापुरता थर्मोस्टॅट स्वतःचे तात्पुरते वाय-फाय किंवा ब्लूटूथ उघडून फोनशी बोलतो. अलीकडचे राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि कोणते उपकरण कोणत्या पट्ट्यावर जावे हे स्वतः ठरवतात. फोन ५ गिगाहर्ट्झवर असतो, थर्मोस्टॅटला २.४ गिगाहर्ट्झच कळतो, आणि काही उपकरणांची जुळणी या गोंधळात अडकते. राउटरच्या मांडणीत जाऊन २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला थोडा वेळ वेगळे नाव दिले की ही गाठ बहुधा सुटते. हॉटेल किंवा वसतिगृहाच्या जाळ्यात आधी एका पानावर नाव-खोली क्रमांक भरावा लागतो. थर्मोस्टॅटकडे ब्राउझर नसल्यामुळे त्याला हे दार उघडता येत नाही. मोठ्या कार्यालयांतील प्रत्येकाला वेगळा परवाना देणारी वाय-फाय व्यवस्थाही घरगुती थर्मोस्टॅटला सहसा पेलत नाही.

सुरक्षेच्या पद्धतींचाही येथे संबंध येतो. वाय-फायच्या सुरुवातीच्या काळातील ‘वेप’ ही कूटपद्धत किती सहज फोडता येते हे २००१ मध्येच उघड झाले होते. २००४ मध्ये आलेली ‘डब्ल्यूपीए-२’ आज किमान गरजेची मानली जाते आणि २०१८ मध्ये तिची पुढची पायरी ‘डब्ल्यूपीए-३’ आली. राउटर केवळ तिसऱ्या पायरीवर ठेवला तर जुन्या थर्मोस्टॅटला आत येता येत नाही, म्हणून दोन्ही पायऱ्या चालू ठेवणारा मिश्र पर्याय निवडावा लागतो. राउटर बदलताना एक साधी युक्ती बरेच श्रम वाचवते: नव्या राउटरला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड, तोही जुन्याच सुरक्षापद्धतीसह, दिला की थर्मोस्टॅटला सहसा वेगळे काही सांगावे लागत नाही.

इंटरनेटला जोडलेले प्रत्येक उपकरण घराला आणखी एक दार पाडते, हेही ध्यानात घ्यावे लागते. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या दुष्ट प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि इतर उपकरणे ताब्यात घेऊन त्यांच्याकरवी मोठी संकेतस्थळे बंद पाडली होती. म्हणून थर्मोस्टॅट, कॅमेरे, दिवे अशा उपकरणांसाठी पाहुण्यांचे म्हणतात तसे वेगळे जाळे ठेवावे आणि बँकेचे व्यवहार होणारा संगणक त्यापासून निराळा राखावा, असा सल्ला दिला जातो. अमेरिकेच्या एफबीआयच्या पोर्टलंड कार्यालयानेही २०१९ मध्ये तो दिला होता.

पाचवी तार

आता भिंतीतल्या तारेकडे वळायला हवे, कारण वाय-फायची म्हणून सांगितलेली तक्रार अनेकदा मुळात विजेची असते. अमेरिकी घरांत थर्मोस्टॅटला येणारी वीज १२० व्होल्टची नसून एका छोट्या ट्रान्सफॉर्मरने उतरवलेली २४ व्होल्टची असते. जुना थर्मोस्टॅट भिंतीवरून काढला की मागे रंगीत तारांचा झुबका दिसतो, आणि प्रत्येक तार एकेका अक्षराच्या खुणेखाली स्क्रूने आवळलेली असते: ‘आर’ म्हणजे येणारी वीज, ‘डब्ल्यू’ म्हणजे गरम करण्याचा निरोप, ‘वाय’ म्हणजे गार करण्याचा आणि ‘जी’ म्हणजे पंख्याचा. रंग बहुधा लाल, पांढरा, पिवळा आणि हिरवा असतात, तरी कारागिराने हाताला येईल ती तार वापरलेली असू शकते, म्हणून रंगावर न जाता अक्षर पाहून छायाचित्र काढून ठेवणे आणि हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करणे शहाणपणाचे असते.

पारा असलेला जुना थर्मोस्टॅट ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन तारा केवळ एकमेकींना जोडत असे, त्याला स्वतःला वीज लागत नसे. वाय-फायचा रेडिओ आणि उजळ पडदा यांना मात्र सतत वीज हवी, आणि वीज सतत वाहायची तर तिला परतीची वाट हवी. ही परतीची वाट म्हणजे ‘सी’ नावाची सामाईक तार. केवळ भट्टी असलेल्या जुन्या घरांत भिंतीतून दोनच तारा आलेल्या असतात, तर भट्टी आणि एसी दोन्ही असलेल्या घरांत बहुधा चार, आणि पाचवी नेमकी नसते. अशा घरांसाठी काही थर्मोस्टॅट निरोपाच्या तारेतूनच, भट्टी पेटणार नाही इतका सूक्ष्म प्रवाह चोरून, आपली अंतर्गत बॅटरी भरून घेतात. भट्टी चालू असताना ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ जोडलेल्या असल्यामुळे दोहोंमध्ये व्होल्टेजच उरत नाही, तेव्हा त्यांना ही जोडणी निमिषमात्र सोडून वीज टिपावी लागते. काही भट्ट्यांना ही चोरी सोसते. काहींचा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, तडतडू लागतो.

बॅटरी पुरेशी भरली नाही की थर्मोस्टॅट सर्वांत आधी आपला सर्वांत खर्चिक अवयव, म्हणजे वाय-फायचा रेडिओ, मिटून घेतो. आणि लहर जितकी क्षीण तितका संपर्क टिकवण्याचा खर्च जास्त, म्हणून दूरचा राउटर बॅटरीही लवकर संपवतो. घरमालक राउटर बदलतो, इंटरनेट कंपनीशी वाद घालतो, आणि दोष भिंतीतल्या न आलेल्या तारेचा असतो. थर्मोस्टॅटच्या पडद्यावर बॅटरीचे व्होल्टेज दिसत असेल तर ते आधी पाहावे. पुष्कळदा पाचवी तार भिंतीच्या पोकळीत मुडपून ठेवलेली सापडते आणि तिची दोन्ही टोके जोडणे एवढेच काम उरते. ती नसेल तर वेगळा २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर किंवा उपलब्ध चार तारांतूनच पाचवीचे काम साधणारे जोडउपकरण भट्टीजवळ बसवतात.

विजेच्या याच भुकेमुळे वाय-फायला पर्यायही शोधले गेले. झिगबी आणि थ्रेड या पद्धती २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच, पण सेकंदाला केवळ २५० किलोबिट वेगाने आणि फार थोड्या विजेवर चालतात, आणि त्यांतील भिंतीच्या विजेवर चालणारी उपकरणे निरोप एकमेकांकडून पुढे सरकवतात. झेड-वेव्ह ही पद्धत अमेरिकेत ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, भिंतींतून अधिक सहज जाणारा पट्टा वापरते. या सर्वांना इंटरनेटशी जोडणारा एक मध्यस्थ घरात ठेवावा लागतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॅटर’ या सामाईक मानकामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी, आणि तेही घरातल्या घरात, बोलू शकतात. त्यामुळे सोफ्यावरचा निरोप दूरच्या सर्व्हरला वळसा न घालता भिंतीवर जाऊ शकतो.

धागा तुटल्यावर

इंटरनेट बंद पडले म्हणजे घर थंड पडेल, ही भीती बहुतांशी निराधार आहे. थर्मोस्टॅटचे मूळ काम त्याच्या आतच चालते. वेळापत्रक त्याच्या स्मृतीत साठवलेले असते आणि भट्टीपर्यंतची तार इंटरनेटवर अवलंबून नसते. एनर्जी स्टारच्या निकषांतही संपर्क तुटलेला असताना घरच्यांना भिंतीवरूनच तापमान पाहता आणि बदलता आले पाहिजे, ही अट आहे. पुण्यात बसलेल्या मालकाला ॲपवर ‘संपर्क नाही’ असे दिसले तर त्याचा अर्थ एवढाच की बातमी येत नाही. भट्टी बंद आहे असा तो होत नाही. मात्र साऱ्या घराचीच वीज गेली असेल तरीही ॲपवर हीच पाटी दिसते आणि तेव्हा भट्टी खरोखरच बंद असते, म्हणून कडक थंडीत शेजाऱ्याकडे किल्ली देऊन ठेवण्याच्या जुन्या पद्धतीला अजून पर्याय नाही.

जेथे उष्णतेची व्यवस्था जाळ्याच्या तब्येतीवर अवलंबून ठेवली गेली तेथे त्याची किंमत मोजावी लागली आहे. २०१६ च्या हिवाळ्याच्या तोंडावर फिनलंडमधील लापेनरांता शहरात दोन निवासी इमारतींच्या उष्णता-नियंत्रक संगणकांवर इंटरनेटवरून निरर्थक निरोपांचा भडिमार झाला, ते पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होत राहिले आणि त्या फेऱ्यात गरम पाण्याचा पुरवठा बंद पडला. जून २०२१ मध्ये टेक्सासमधील काही रहिवाशांना उकाड्यात आपल्या घराचे तापमान परस्पर वाढवले गेल्याचे आढळले. विजेच्या टंचाईच्या वेळी थर्मोस्टॅट दूरवरून हाताळण्याची संमती त्यांनी एका योजनेत आधीच दिलेली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलने २०११ आणि २०१२ च्या नेस्ट थर्मोस्टॅटची इंटरनेट सेवा थांबवली; भिंतीवर हात फिरवून ते आजही चालतात, फोनवरून चालत नाहीत. घरातील वाय-फाय कितीही उत्तम असले तरी धाग्याचे दुसरे टोक कंपनीच्या हाती असते, आणि खरेदी करताना हे टोक किती वर्षे धरले जाईल हेही विचारायला हवे.

भारतीय घरात मध्यवर्ती भट्टी नसली तरी वाय-फायवर चालणारा एसी आणि गीझर आले आहेत, आणि त्यांनाही हेच नियम लागू पडतात: त्यांतील बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर बोलतात, विटांच्या आणि सिमेंट-लोखंडाच्या भिंती लहरींना लाकडी भिंतींपेक्षा जास्त अडवतात, आणि वीज गेली की राउटरही झोपतो, म्हणून त्याला छोटी बॅटरी जोडलेली बरी. जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू व्हावा असा नियम भारतात आहे. तो पाळण्यासाठी एसीला कोणत्याही जाळ्याची गरज पडत नाही.

नवा थर्मोस्टॅट बसवून झाल्यावर घरमालकाने एक परीक्षा अवश्य घ्यावी. राउटर दहा मिनिटे बंद करावा, भिंतीजवळ जावे आणि हिवाळा असेल तर तापमान हाताने तीन अंशांनी वाढवावे. तळघरातून भट्टी पेटल्याचा आवाज आला तर व्यवस्था नीट बसली आहे असे समजावे. मग राउटर पुन्हा सुरू करावा, आणि थर्मोस्टॅट कोणी न सांगता, आपणहून संपर्कात परत येतो की नाही ते घड्याळ लावून पाहावे.